सेकंदाला पन्नास वेळा

मंगळवारी सकाळी कंपनीचे व्यवस्थापक विंगेत आले, तेव्हा कुजबुजताई कापसाच्या बोळ्याने यंत्राची बटणं पुसत होत्या. एकेका बटणाच्या फटीत बोळा फिरवायचा आणि मग त्याच्याकडे असं बघायचं, जणू आता त्याचं तोंड धुऊन झालं, केस विंचरायचे राहिलेत.

“ताई, शनिवारी नवं नाटक उभं राहतंय. त्याआधी हे इथून हलवायचंय.”

“हलवा की,” ताई म्हणाल्या. “पण आधी मला उचला. आम्हा दोघांत मी जड आहे.”

व्यवस्थापक हसले नाहीत. माणूस भला होता. जुन्या मालकांचा पुतण्या, नाटकावर जीव, पण त्याहून थोडा जास्त जीव यादीवर. खिशात कायम एक यादी असायची, आणि तिच्यात ज्या गोष्टीपुढे खूण झाली ती त्यांच्या लेखी जगातून संपली.

‘हे’ म्हणजे डाव्या विंगेतलं एक जुनं टेबल आणि त्यावरचा संसार. मध्ये एक तपकिरी रंगाचा घरगुती कॉम्प्युटर, पस्तीस वर्षांपूर्वीचा. बटणांची पाटी दिसते तेवढाच. सगळा कॉम्प्युटर त्या पाटीच्या पोटातच. शेजारी कॅसेटचा डबा. त्यामागे वीतभर टीव्ही, आणि त्याचा उजेड रंगमंचावर जाऊ नये म्हणून त्याला काळ्या कापडाची बोंगी, लांब तोंडाची टोपीच म्हणा. ही बोंगी ताईंच्या नवऱ्याने शिवली होती. तो कंपनीचा शिंपी. आता घरीच असे आणि या यंत्राला ‘तुझी सवत’ म्हणे.

“तार तापते,” व्यवस्थापकांनी यादीवरून वाचायला सुरुवात केली. “सुटे भाग मिळत नाहीत. आगीच्या बंबाचे इन्स्पेक्टर गेल्या वेळी या टेबलाकडे बघून दोनदा खाकरले. आणि मी सगळं पार्श्वसंगीत फोनवर घेतलंय. एक बटण दाबलं की सुरू.”

“आणि राजे थांबले की?”

व्यवस्थापकांची नजर यादीवरच राहिली. कारण आदल्या दिवशीची तालीम दोघांनीही पाहिली होती.

राजे म्हणजे कंपनीचे ज्येष्ठ नट. आयुष्यभर राजे, सरदार, सेनापती केले. मुकुट उतरला तरी नाव राहिलं. वय शहात्तर. नव्या नाटकात ते दीपगृहाचा म्हातारा रखवालदार करणार होते. शेवटच्या अंकात म्हातारा एकटा, समोर समुद्र, आणि एक मोठं भाषण, खाली मंद संगीत. हे भाषण राजे कधी अकरा मिनिटांत करत, कधी चौदा. मधेच थांबत. कधी भूमिकेत शिरून थांबत, कधी ओळ निसटली म्हणून, आणि दोन्हींतला फरक हल्ली फक्त ताईंनाच कळे. सोमवारी फोनवरचं संगीत लावलं तर ते बारा मिनिटांत आपला शेवट गाजवून मोकळं झालं. राजे अजून वाक्याच्या मध्यावर होते. शांततेत ते इतके एकटे पडले की त्यांनी प्रेक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांना विचारलं, “झालं का आपलं?”

“राजांनी पाठ करायला हवं,” व्यवस्थापक म्हणाले. “नाहीतर दुसरा नट बघावा लागेल. मला आवडतं का हे बोलायला?”

“नाही आवडत, दिसतंय. म्हणून तर तुम्ही यादीकडे बघून बोलताय.” ताईंनी बोळा खाली ठेवला. “गाण्याने माणसासाठी थांबायचं असतं. माणसाने गाण्यामागे पळायचं नसतं. हे यंत्र थांबतं. तुमचा फोन थांबत नाही. म्हणून हे इथून हलणार नाही आणि राजेही हलणार नाहीत.”

आवाज चढला नव्हता. ताईंचा आवाज कधी चढतच नसे. नाव त्यावरूनच पडलं होतं.

बाविसाव्या वर्षी त्या कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून आल्या. विंगेत वही घेऊन बसायचं, नट अडला की ओळ पुरवायची. ती अशी की अडलेल्याला ऐकू जावी आणि पहिल्या रांगेत पोचू नये. तेव्हाच्या तरण्याबांड राजांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, “ही पोरगी बोलत नाही, कुजबुजते. आणि असं कुजबुजते की मेलेलाही उठून पुढचं वाक्य बोलेल.” पुढे कंपनीच्या शिंप्याशी लग्न झालं. शिंप्याचे वडील कंपनीचे ऑर्गनवादक. म्हणजे सासरे समोरच्या विंगेत, सून या विंगेत, आणि मध्ये नाटक.

सासऱ्यांना नाकावर माशी बसलेली खपत नसे. पण त्यांचा हात ऑर्गनवर पडला की नटांच्या अंगात बळ यायचं. नट थांबला की ते त्याच चार सुरांत घोळत राहत, नट निघाला की निघत. मग त्यांची बोटं आखडू लागली. आधी करंगळ्या, मग सगळीच. जुन्या मालकांनी तेव्हा बाजारात नव्याने आलेला हा कॉम्प्युटर आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “यात तीन आवाज आहेत म्हणे. तुमच्या डोक्यातलं यात घाला.” सासऱ्यांनी आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला. नवव्या दिवशी सुनेला हाक मारली.

“सूनबाई, आकडे टाइप करता येतील?”

“येतील, मामंजी. पण कुकर लावून येते.”

“कुकर होईल नंतर. हे ऐक आधी. या यंत्राची एक गंमत आहे. ते आपलं काम करत असतं. बटणं बघ, काचेवर अक्षरं काढ, जे काय असेल ते. पण सेकंदाला पन्नास वेळा कुणीतरी त्याचं दार ठोठावतं. ठोठावलं की हातातलं काम तसंच टाकून ते एका पत्त्यावर जातं, तिथे लिहिलेलं उरकतं आणि परत येऊन काम पुढे सुरू करतं. त्या पत्त्यावर आपण गाणं ठेवायचं. दर वेळी जाईल, गाणं एक पाऊल पुढे सरकवेल, परत येईल. कामाला कळणारही नाही.”

“म्हणजे पोळ्या लाटता लाटता बाळाच्या पाळण्याला झोका देऊन येणारी बाई.”

सासऱ्यांनी मान डोलावली. “तेच.”

“मग यात नवीन काय आहे, मामंजी? मी रोज करते.”

अडीच वर्षं दोघं त्या टेबलापाशी बसली. सासरे आखडलेल्या बोटांनी हवेत ऑर्गन वाजवत आणि आकडे सांगत. ताई टाइप करत. भांडणं इतकी होत की शिंपी कात्री घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसे. पण त्यातून पाच बटणं तयार झाली. लाल नेलपॉलिशचा ठिपका असलेलं बटण दाबलं की गाणं जिथे असेल तिथल्या आठ मात्रांतच फिरत राही. पांढऱ्या ठिपक्याचं दाबलं की फेरी सोडून पुढे निघे. एक बटण आवाज चढवायला, एक उतरवायला, आणि पाचवं खर्जाचा आवाज काढून घ्यायला. सासऱ्यांची दहा बोटं ताईंच्या पाच बटणांत आली.

फजितीही झाली, आणि ती अशी की दुसऱ्या कुणाच्या वाट्याला यायची नाही. एका चालीवरून दुसऱ्या चालीवर जायचं म्हणजे त्या ठोठावण्याचा पत्ता बदलायचा. हा पत्ता दोन आकड्यांचा. पहिल्याच प्रयोगात ताईंनी एक आकडा बदलला, आणि दुसरा बदलायच्या आत दारावर थाप पडली. यंत्र अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या पत्त्यावर गेलं, भलत्याच घरात शिरलं आणि परत आलंच नाही. जो सूर लागला होता तो लागलेलाच राहिला. रंगमंचावर राजे मुलाच्या प्रेताशी बसलेले, आणि वर तो एकच सूर, अडकलेल्या कुकरच्या शिट्टीसारखा. पाच सेकंद. दहा. राजांनी मान वर केली आणि म्हणाले, “हा आवाज तुम्हालाही ऐकू येतोय ना? मला वाटलं, दुःखाने माझं डोकं फिरलं.” टाळ्या पडल्या. ताईंनी त्या टाळ्यांच्या आडून वायर उपटली.

घरी गेल्यावर सासरे रागावले नाहीत. रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, “आधी दार लावून घ्यायचं. म्हणजे ठोठावणंच बंद. मग शांतपणे पत्त्याचे दोन्ही आकडे बदलायचे. मग दार उघडायचं.” आणि स्वतःच आखडल्या बोटाने दार लावायचा आकडा टाइप करून दाबला. यंत्र गप्प झालं. पुढचा आकडा टाइप करायला गेले तर बटणंही गप्प. कारण बटणं दाबली गेलीत का, हेसुद्धा यंत्र त्याच ठोठावण्याच्या वेळी बघत असे. सासऱ्यांनी दार लावलं होतं आणि स्वतः बाहेर राहिले होते.

ताई हसल्या. मग, लग्नाला सात वर्षं झाली होती, पहिल्यांदाच सासरेही सुनेसमोर हसले. “चारही हुकूम एकाच ओळीत लिहायचे,” ते म्हणाले, “आणि मग एकदाच दाबायचं.” ती ओळ त्यांनी कॅसेटच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. अक्षर किडामुंगीसारखं, पण चार हुकूम स्पष्ट. सासरे गेले त्याला एकोणतीस वर्षं झाली. चिठ्ठी अजून होती, आणि नव्या नाटकांनाही त्यांच्याच चाली होत्या.

हे सगळं व्यवस्थापकांना माहीत नव्हतं आणि ताईंनी सांगितलंही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “शनिवारचा पहिला प्रयोग मला द्या. तुमचा फोन तयार ठेवून माझ्यामागे उभे राहा. गाणं जिथे थांबायला नको तिथे थांबलं, तर लावा तुमचं. मग रविवारी मी स्वतः हे टेबल रिकामं करीन.”

“आणि राजे?”

“टेबल गेलं तर राजे त्या भाषणात टिकायचे नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. तेही जातील. आता करा खूण तुमच्या यादीत.”

व्यवस्थापकांनी खूण केली नाही. नुसतीच यादीची घडी घातली.

शनिवारी दुपारी घरून निघताना शिंप्याने विचारलं, “सवतीला आज घरी आणायची तयारी करू का? कोपरा रिकामा करतो.”

“कोपरा राहू दे,” ताई म्हणाल्या. “बोंगीला दोन टाके घाला. उसवलीय.”

कॅसेटवरून गाणं यंत्रात उतरायला सहा मिनिटं लागत. ताईंनी ती सहा मिनिटं नेहमीसारखी उभ्याने काढली. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. दोन अंक सुरळीत पार पडले. व्यवस्थापक मागे उभे होते, हातात फोन, अंगठा फोनपासून बोटभर वर. तिसऱ्या अंकात दीपगृहाच्या चार पायऱ्या, कंदील, आणि राजे.

राजे त्या दिवशी छान लागले होते. पहिली पाच मिनिटं ताईंनी वही आणि त्यांचे ओठ यांच्यावरून नजर हलवली नाही. मग भाषणाच्या उतारावर राजांनी कंदिलाची काच पुसली, फडकं खांद्यावर टाकलं, पायरीवर बसून समुद्राकडे पाहिलं आणि थांबले.

हे थांबणं भूमिकेतलं नव्हतं. ताईंनी लाल ठिपका दाबला. गाणं आठ मात्रांत फिरू लागलं, जणू त्याला कुठे जायचंच नव्हतं. एक फेरी. दुसरी. राजांचा खालचा ओठ हलला आणि परत मिटला. ताईंनी खर्ज काढून घेतला. गाणं पातळ झालं, त्याच्याखाली कुजबुजीपुरती वाट मोकळी झाली. मग त्या टेबलावरून जितकं पुढे वाकता येईल तितक्या वाकल्या आणि ओळ दिली.

“तेल संपलं तर...”

राजे तसेच. हल्ली डावा कान मंद झाला होता. ताई आणखी वाकल्या.

“तेल संपलं तर खुर्ची...”

“ताई,” मागून व्यवस्थापकांचा श्वास आला. “बंद पडलं.”

ताईंनी वळून पाहिलं. बोंगीच्या आत, टीव्हीच्या काचेवर, काम थांबल्याची ओळ उमटली होती आणि तिच्याखाली एक छोटा चौकोन लुकलुकत होता. वाकताना त्यांचं कोपर थांबवायच्या बटणावर पडलं होतं.

“लावू का माझं?” व्यवस्थापकांचा अंगठा खाली येऊ लागला.

“कान आहेत ना?” ताई म्हणाल्या. “मग त्यांनी बघा.”

गाणं चालू होतं. आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा. बंद पडला होता तो ताईंच्या पाच बटणांकडे लक्ष देणारा कारभार. पोळ्या करपल्या होत्या. पाळणा हलत होता.

पण आता पांढरा ठिपका दाबून उपयोग नव्हता. कारभार पुन्हा सुरू करावा तर गाणं पहिल्यापासून सुरू होणार. आणि फेरीतून बाहेर काढलं नाही, तर म्हाताऱ्याचा शेवट उगवणारच नव्हता. राजे जन्मभर त्या पायरीवर समुद्राकडे बघत बसले असते.

ताईंनी कॅसेटचा डबा उघडला. झाकण टीव्हीच्या उजेडात धरलं. चारही हुकूम त्यांना तोंडपाठ होते. पण ज्यांना तोंडपाठ असतं तेच चुकतात, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवून एकेक अक्षर टाइप केलं. दार लाव. शेवटच्या चालीच्या पत्त्याचा पहिला आकडा. दुसरा आकडा. दार उघड. सगळं एका ओळीत. आणि दाबलं नाही.

“दाबा ना,” व्यवस्थापक कुजबुजले.

“त्यांची ओळ झाल्याशिवाय नाही.”

“ती होणार नसेल तर?”

“तर मी इथे बसलेली आहे. प्रेक्षकही बसलेत. घाई तुम्हालाच आहे.”

फेरी अकराव्यांदा फिरली. ताईंनी तोंडाला हात लावला आणि चाळीस वर्षांत कधी दिली नव्हती इतक्या मोठ्याने ओळ दिली. पहिल्या रांगेत नक्की पोचली असेल. “तेल संपलं तर खुर्ची जाळीन.”

राजांनी मान विंगेकडे वळवली. घाई नाही, गडबड नाही. ताईंच्या दिशेने हात वर केला, समुद्राला गप्प करावं तसा.

“ऐकलं,” ते म्हणाले. “थांब जरा. लाट बोलतेय.”

आणि त्यांनी आणखी दोन फेऱ्या ऐकल्या. खरोखर ऐकल्या. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग पायरीवर पाय आपटून राजे उठले.

“तेल संपलं तर खुर्ची जाळीन. खुर्ची संपली तर दार जाळीन. दार संपलं तर हा सदरा आहे. पण ज्याला यायचंय त्याने यावं. दिवा विझणार नाही.”

‘नाही’वर ताईंचं बोट पडलं. ना खंड, ना खरखर. खर्ज परत आला, तिन्ही आवाज वर चढले आणि म्हाताऱ्याला हाताला धरून कंदिलापर्यंत घेऊन गेले.

पडदा पडल्यावर टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. राजे घाम पुसत विंगेत आले.

“मी विसरलो नव्हतो,” ते म्हणाले.

“नाही. माझीच वही चुकीच्या पानावर होती.”

“तेच म्हटलं.” राजे दोन पावलं गेले, वळले. “म्हातारबुवा आज फार छान वाजवत होते.” ताईंच्या सासऱ्यांना राजे म्हातारबुवाच म्हणत.

व्यवस्थापक अजून तिथेच होते, फोन हातात. “ताई, ती चूक होती की नव्हती?”

“होती. कोपर लागलं माझं. पण आपलं ठरलं होतं ते गाण्याचं. थांबलं का गाणं?”

“नाही.”

“मग उद्या मी टेबल रिकामं करणार नाही.”

रविवारी सकाळी व्यवस्थापक पुन्हा आले. यादी काढली नाही. ताईंच्या स्टुलाशेजारी एक खुर्ची ओढून बसले.

“तार नवी टाकून घेतो,” ते म्हणाले. “इन्स्पेक्टरांशी बोलतो. पण तुम्ही आजारी पडलात तर? कुणाला तरी यायला हवं ना हे.”

“कुणाला तरी म्हणजे?”

“म्हणजे... मला दाखवा.”

ताईंनी कारभार थांबवला, गाणं चालू ठेवलं, झाकण पुढे सरकवलं. “ही ओळ. बघून टाइप करा. पण सगळी...”

“कळलं. दिसतंय.” व्यवस्थापकांनी चष्मा लावला, पहिला हुकूम नीट टाइप केला, यादीतल्या गोष्टीपुढे खूण करावी तसं समाधानाने बटण दाबलं, आणि दुसरा हुकूम लिहायला बोट उचललं.

एकच सूर लागून राहिला. काचेवर अक्षर उमटेना. त्यांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग चार एकदम.

“हे ऐकत नाहीये.”

“कसं ऐकेल? तुम्ही दार लावलंत आणि स्वतः बाहेर राहिलात.” ताईंना हसू आवरेना. “मामंजींनी अगदी हेच केलं होतं. अगदी असंच चष्म्यावरून बघत.”

त्यांनी वायर काढली, परत लावली, कॅसेट मागे गुंडाळली आणि सुरू केली. किरकिरणारा आवाज विंगेत भरला.

“आता?” व्यवस्थापकांनी विचारलं आणि सवयीने खिशातून फोन काढला.

“आता सहा मिनिटं बसायचं,” ताई म्हणाल्या. “आणि तो आत ठेवा.”

त्यांनी तो आत ठेवला.